सव्वा लाखाचं शहर आणि लाखाचं स्टेडियम! अमेरिकन फुटबॉलची मैदानं एवढी मोठी का झाली आणि आता लहान का होतायत?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं शहर आहे. लोकसंख्या साधारण सव्वा लाख. आणि या शहरातल्या विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये बसायची सोय आहे तब्बल १,०७,६०१ लोकांची. म्हणजे अख्खं गाव उचलून आत बसवलं तरी थोडेच लोक बाहेर राहतील.

बरं, हे स्टेडियम रिकामं पडून असतं असंही नाही. नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक घरच्या सामन्याला एक लाखाहून जास्त प्रेक्षक आलेत. अपवाद फक्त २०२० चा, कारण तेव्हा कोरोनामुळे प्रेक्षकांना आत सोडलंच नव्हतं.

आणि हे खेळणारे कोण, तर कॉलेजची पोरं.

आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला मित्रमंडळी आणि दोन-चार शिक्षक आले तरी गर्दी झाली म्हणतात. मग अमेरिकेत कॉलेजच्या खेळासाठी लाख लाख लोकांची स्टेडियम्स बांधायची वेळ का आली? आणि तिथली नवीन स्टेडियम्स आता जुन्यापेक्षा लहान का बांधली जातायत? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत, पण ती गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे.

आधी मैदानाचं गणित

अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा खेळ. पायाने खेळतात त्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात.

याचं मैदान दोन्ही टोकांचे एंड झोन धरून १२० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद असतं. म्हणजे साधारण ११० मीटर बाय ४९ मीटर. क्रिकेटच्या मैदानाच्या मानाने ही अगदी चिंचोळी पट्टी झाली. त्यामुळे प्रेक्षकांना खेळाच्या खूप जवळ बसवता येतं आणि दोन्ही लांब बाजूंना रांगांवर रांगा चढवत नेता येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे खुर्ची. कॉलेजच्या बऱ्याचशा मोठ्या स्टेडियममध्ये खुर्च्या नसतातच. लांबच लांब बाकडी असतात आणि त्यावर आकडे रंगवलेले असतात. एका माणसाच्या वाट्याला साधारण १८ इंच, म्हणजे दीड फूट जागा येते. थंडीत जाड जॅकेट घातलेली माणसं त्या दीड फुटात कशी मावतात हे तीच जाणोत! पण क्षमतेचा आकडा फुगतो तो इथेच. बाकडी काढून पाठ टेकायच्या खुर्च्या बसवल्या, की त्याच जागेत हजारो माणसं कमी होतात. लॉस एंजेलिसच्या कोलिझियमची क्षमता ९३,६०७ होती. नूतनीकरणात नवीन, रुंद खुर्च्या आणि जिने आले आणि आकडा ७७,५०० वर आला. स्टेडियम तेवढंच राहिलं.

त्यामुळे कुठलंही स्टेडियम 'जगातलं इतक्या नंबरचं' म्हणून कुणी सांगितलं, तर आधी विचारावं, बाकडी आहेत की खुर्च्या?

ज्या स्टेडियममुळे खेळाचे नियम बदलले

हा खेळ एकोणिसाव्या शतकात वाढला तो श्रीमंत, जुन्या विद्यापीठांमध्ये. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया. तेव्हा मैदानाच्या कडेला लाकडी बाकडी टाकलेली असायची. ती मोडायची, जळायची, पावसाने कुजायची.

फिलाडेल्फियात १८९५ साली फ्रँकलिन फील्ड सुरू झालं. आज दिसतं ते बांधकाम १९२२ चं आहे, पण जागा तीच आणि खेळही अजून तिथेच चालू आहे.

खरी उडी घेतली हार्वर्डने. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचं स्टेडियम उभं केलं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं, रोमन इमारतीसारखं. इतकं मोठं बांधकाम काँक्रीटमध्ये करणं तेव्हा नवीन होतं. उद्घाटनाच्या सामन्यात मात्र डार्टमथने हार्वर्डला ११-० ने हरवलं.

त्यानंतर दोनच वर्षांत फुटबॉलवर बंदी घालायची मागणी व्हायला लागली. कारण खेळ जीवघेणा झाला होता. चेंडू पुढे फेकायला परवानगी नव्हती, त्यामुळे सगळा मामला एकमेकांना ढकलायचा आणि तुडवायचा. १९०५ च्या एका हंगामात देशभरात सुमारे १८ खेळाडू मेल्याची नोंद वर्तमानपत्रांनी केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं.

उपाय म्हणून एक सूचना आली की मैदान बरंच रुंद करा, म्हणजे खेळाडू पांगतील आणि चेंगराचेंगरी कमी होईल. पण हार्वर्डचं नवंकोरं काँक्रीटचं स्टेडियम मैदानाला अगदी खेटून उभं होतं. ते काही मागे सरकणार नव्हतं. शेवटी १९०६ मध्ये दुसरा मार्ग निघाला आणि चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली. आज या खेळाची ओळखच असलेला तो लांबच लांब पास नियमात आला, त्यामागे हार्वर्डची न हलणारी भिंत हेही एक कारण मानलं जातं.

'बोल' हा शब्द आला कुठून?

सुपर बोल, रोझ बोल, शुगर बोल. या खेळात जिथे तिथे वाडगा कशासाठी?

याचं उत्तर येल विद्यापीठात आहे. १९१४ मध्ये त्यांनी स्टेडियम बांधताना साधी युक्ती केली. मधोमध जमीन खणली आणि निघालेली माती चारही बाजूंना रचून बांध घातला. त्या बांधाच्या उतारावर बाकडी बसवली. मैदान जमिनीच्या खाली, निम्मे प्रेक्षक जमिनीच्या खाली, निम्मे वर. चारी बाजूंनी बंद असलेलं हे स्टेडियम वरून थेट वाडग्यासारखं दिसायचं, म्हणून नाव पडलं येल बोल. क्षमता होती सुमारे ७० हजार. उद्घाटनाला हार्वर्डचा संघ आला आणि ३६-० ने जिंकून गेला. नवीन स्टेडियमचं पहिलं माप पाहुण्यांनीच ओलांडायचं, अशी तेव्हा बहुधा रीतच असावी.

येलची नक्कल कॅलिफोर्नियात पासाडेना शहराने केली. तिथे नववर्षाला गुलाबाच्या फुलांची मिरवणूक निघते आणि त्यासोबत फुटबॉल सामना होतो. त्यासाठी १९२२ मध्ये जे स्टेडियम उभं राहिलं ते रोझ बोल. पुढे हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यांनाच 'बोल' म्हणायची पद्धत पडली आणि व्यावसायिक लीगने आपल्या अंतिम सामन्याला नाव दिलं सुपर बोल.

विसाचं दशक: युद्ध संपलं, स्टेडियम्स उगवली

पहिलं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत विद्यापीठांची स्टेडियम बांधायची चढाओढ लागली. ओहायो १९२२, नेब्रास्का, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया १९२३, मिशिगन १९२७. यातल्या अनेकांच्या नावात 'मेमोरियल' हा शब्द आहे. युद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांचं स्मारक म्हणून माजी विद्यार्थ्यांकडून आणि गावकऱ्यांकडून वर्गणी गोळा केली गेली. स्मारकाला देणगी देणं हे पुण्याचं काम आणि वर खेळही बघायला मिळणार, मग कोण नाही म्हणेल?

मिशिगनची कथा यात सगळ्यात सुरस आहे. फिल्डिंग योस्ट हे तिथले जुने प्रशिक्षक आणि नंतर क्रीडा संचालक. त्यांनी सरकारकडे हात पसरले नाहीत. रोखे विकले आणि रोखे घेणाऱ्याला पुढची दहा वर्षं चांगल्या जागेचं तिकीट घ्यायचा हक्क दिला. सुरुवातीची क्षमता ठरली ७२ हजार. पण योस्ट यांचं म्हणणं होतं, आज ना उद्या इथे लाख लोक येतील. म्हणून पाया घालतानाच तो वाढीव भार पेलेल असा घातला गेला. १९२७ साली हे ऐकणाऱ्यांना गंमत वाटली असेल, पण १९५६ मध्ये क्षमता खरोखर १,०१,००१ झाली.

हा शेवटचा एक कशासाठी? तर योस्ट यांच्यानंतर आलेले क्रीडा संचालक फ्रिट्झ क्रिसलर यांच्या सन्मानार्थ एक जागा जास्तीची धरलेली आहे. ती नेमकी कुठली हे जाहीर केलेलं नाही. तेव्हापासून या स्टेडियमच्या क्षमतेच्या आकड्याच्या शेवटी एक असतोच.

इलिनॉयचं स्टेडियम ऑक्टोबर १९२४ मध्ये समारंभाने अर्पण झालं. त्या दिवशी रेड ग्रँज नावाच्या खेळाडूने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले. अशा एका दुपारची चर्चा पुढे वर्षानुवर्षं चालते आणि स्टेडियम भरत राहतं.

कॅलिफोर्नियाचं बर्कलीमधलं स्टेडियम तर भूकंपाच्या भेगेवर बांधलं. हेवर्ड फॉल्ट नावाची ती भेग मैदानाच्या खालून जाते. वर्षानुवर्षं जमीन हळूहळू सरकत राहिली आणि भिंतींना तडे जात राहिले. शेवटी २०१२ पर्यंत मोठी दुरुस्ती करून भेगेवरचे भाग स्वतंत्रपणे हलू शकतील असे बांधून काढले. जागा बदलायचा विचार मात्र कुणाच्या पचनी पडला नाही.

लुइझियानाची गोष्ट वेगळीच. तीसच्या दशकात तिथल्या राज्य विद्यापीठात स्टेडियमला पैसे नव्हते, पण वसतिगृहाला होते. मग वसतिगृहाच्या खोल्या बांधल्या त्या स्टेडियमच्या भिंतीतच आणि वर बाकडी चढवली! कित्येक पिढ्यांचे विद्यार्थी तिथे राहिले. याच टायगर स्टेडियममध्ये ८ ऑक्टोबर १९८८ रोजी शेवटच्या क्षणांत घरच्या संघाने टचडाउन केला, तेव्हा लोकांनी एवढा दंगा केला की विद्यापीठाच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

आज अमेरिकेत एक लाखाहून जास्त क्षमतेची आठ फुटबॉल स्टेडियम्स आहेत. मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सास ए अँड एम, लुइझियाना स्टेट, टेनेसी, टेक्सास आणि अलाबामा. आठही विद्यापीठांची आहेत. व्यावसायिक संघाचं एकही नाही.

याचं कारण नकाशात आहे. ही बहुतेक विद्यापीठं छोट्या शहरांत आहेत, जिथे व्यावसायिक संघ कधी गेलेच नाहीत. पेन स्टेटचं स्टेट कॉलेज हे गाव ४० हजार वस्तीचं आणि स्टेडियम १,०६,५७२ चं. नेब्रास्का राज्यात तर एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. सामन्याच्या दिवशी तिथलं स्टेडियम हे राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं 'शहर' होतं. १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये याच स्टेडियममध्ये मुलींचा व्हॉलीबॉल सामना ठेवला, तर ९२,००३ लोक आले.

व्यावसायिक संघ मात्र भाडेकरू

आज जगातली सगळ्यात श्रीमंत क्रीडा लीग असलेली एनएफएल १९२० मध्ये ओहायोतल्या कँटन गावात सुरू झाली. पण या संघांना स्वतःचं मैदान नसायचं. ते बेसबॉलच्या मैदानात भाड्याने खेळायचे. शिकागो बेअर्स हा संघ १९७० पर्यंत रिगली फील्ड या बेसबॉल मैदानावरच खेळला.

१९७० मध्ये दोन लीग एकत्र झाल्या आणि नियम आला की स्टेडियममध्ये किमान ५० हजार जागा हव्यात. रिगली फील्डमध्ये तेवढ्या नव्हत्या. बेअर्सना सोल्जर फील्डवर जावं लागलं.

त्याच काळात शहरांनी एक तोडगा काढला. फुटबॉल आणि बेसबॉल, दोन्हींसाठी एकच गोल स्टेडियम. पिट्सबर्ग, सिनसिनाटी, सेंट लुइस, फिलाडेल्फिया. सगळी दिसायला सारखी, एकाच साच्यातून काढलेल्या बिस्किटांसारखी. आणि दोन्ही खेळांना गैरसोयीची, कारण आयताकृती खेळ गोल इमारतीत बसवला की प्रेक्षक मैदानापासून लांब जातो. फिलाडेल्फियाच्या वेटरन्स स्टेडियममधले प्रेक्षक तर इतके हाताबाहेर गेले की नव्वदच्या दशकात स्टेडियमच्या तळमजल्यावर न्यायाधीश बसवून तिथल्या तिथे खटले चालवायला लागले. ही सगळी स्टेडियम्स आता पाडलेली आहेत.

वॉशिंग्टन: जमीन सरकारची, नियमही सरकारचा

या काळातली एक गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे.

१९६१ मध्ये एनएफएलच्या बाकी सगळ्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू होते. एकच संघ अपवाद होता, आणि तोही देशाच्या राजधानीचा. वॉशिंग्टनच्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल कृष्णवर्णीय खेळाडू घेतच नसत. दक्षिणेतल्या गोऱ्या प्रेक्षकांवर त्यांचा धंदा चालायचा. वर्तमानपत्रांनी टीका केली, निदर्शनं झाली, पण मार्शल यांच्यावर परिणाम शून्य. संघ खासगी होता, जबरदस्ती कोण करणार?

तेवढ्यात त्यांच्यासाठी नवीन स्टेडियम तयार होत होतं. मार्शल यांनी तीस वर्षांचा भाडेकरार करून ठेवला होता. पण स्टेडियमची जमीन केंद्र सरकारची होती. केनेडी सरकारमधले अंतर्गत विभागाचे मंत्री स्टुअर्ट उडाल यांच्या हे लक्षात आलं. त्यांनी मार्शल यांना कळवलं की सरकारी जमिनीवर नोकरीत वर्णभेद चालणार नाही. खेळाडू हाही नोकरच. ऐकणार नसाल तर स्टेडियम वापरता येणार नाही.

मार्शल यांनी आदळआपट केली, पण दुसरीकडे जायला जागा नव्हती. १९६२ च्या हंगामात बॉबी मिचेल हा खेळाडू संघात आला. तो पुढे या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. वर्षानुवर्षांच्या निदर्शनांनी जे झालं नव्हतं ते एका भाडेकराराने झालं.

या स्टेडियमला १९६९ मध्ये रॉबर्ट केनेडी यांचं नाव दिलं गेलं. संघ नव्वदच्या दशकात तिथून बाहेर पडला. २०२५ मध्ये शहराने त्याच जागेवर सुमारे ६५ हजार क्षमतेचं नवीन, छत असलेलं स्टेडियम बांधायला मंजुरी दिली आहे.

छताखाली फुटबॉल

१९६५ मध्ये ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम उघडलं. ऊन नको, पाऊस नको, वर थेट छत. छतातून प्रकाश यावा म्हणून पारदर्शक तावदानं बसवली, तर बेसबॉल खेळणाऱ्यांना त्या चकाकीत चेंडूच दिसेना. मग तावदानांना रंग फासला. चेंडू दिसायला लागला, पण उन्हाअभावी गवत मेलं. शेवटी १९६६ मध्ये प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. त्याचंच नाव ॲस्ट्रोटर्फ. आपल्या हॉकीवाल्यांना हा शब्द चांगलाच माहीत आहे.

याच ॲस्ट्रोडोमला खेटून २००२ मध्ये उघड-बंद होणाऱ्या छताचं स्टेडियम झालं, ज्याला आता एनआरजी स्टेडियम म्हणतात. सप्टेंबर २०१९ मधला 'हाउडी मोदी' कार्यक्रम याच फुटबॉल स्टेडियममध्ये झाला होता.

काही ठिकाणी तर छत हवेच्या दाबावर तोलून धरायचे. डेट्रॉइटजवळ १९७५ मध्ये उघडलेलं सिल्व्हरडोम असं होतं, ८० हजारांचं. ते बांधायला साडेपाच कोटी डॉलरहून जास्त खर्च आला आणि संघ निघून गेल्यावर २००९ च्या लिलावात ते विकलं गेलं ५ लाख ८३ हजार डॉलरला. २०१७ मध्ये सुरुंग लावून पाडायला गेले, तर पहिल्या दिवशी ते पडलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावावे लागले. मिनियापोलिसच्या मेट्रोडोमचं असंच हवेवरचं छत डिसेंबर २०१० मध्ये बर्फाच्या ओझ्याने फाटून आत कोसळलं. पहाटेची वेळ होती, आत प्रेक्षक नव्हते.

न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोमवर जे आलं ते कुठल्याच स्टेडियमवर न येवो. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळ आलं तेव्हा शहराबाहेर पडू न शकलेल्यांसाठी तो शेवटचा आसरा म्हणून उघडला. पंचवीस-तीस हजार लोक आत. वादळाने छताचं आवरण फाडलं, वीज गेली, संडास तुंबले, शहरात पाणी भरलेलं. गाडी नसलेली, हॉटेल न परवडणारी माणसं त्या अंधारात आणि उकाड्यात कित्येक दिवस अडकली. काहींचा तिथेच मृत्यू झाला. ७० हजार माणसांना चार तास बसवण्यासाठी बांधलेली इमारत पंचवीस हजार माणसांना चार दिवस ठेवू शकली नाही. क्षमता या शब्दाचा अर्थ तिथे वेगळाच निघाला.

संघाने तो हंगाम बाहेरगावी काढला. २५ सप्टेंबर २००६ ला स्टेडियम पुन्हा उघडलं. अटलांटाविरुद्धच्या त्या सामन्याच्या सुरुवातीलाच स्टीव्ह ग्लीसनने प्रतिस्पर्ध्याची किक अडवली आणि त्यावरून टचडाउन झाला. त्या क्षणाचा पुतळा आता स्टेडियमबाहेर आहे. त्याचं नाव 'पुनर्जन्म' अशा अर्थाचं ठेवलंय.

तिकिटं उरली तर टीव्ही बंद

टीव्ही आल्यावर एनएफएलला भीती वाटली की घरबसल्या सामना दिसला तर स्टेडियमला कोण येईल? म्हणून संघाच्या स्वतःच्या शहरात घरचा सामना टीव्हीवर दाखवायचाच नाही असा नियम केला. जानेवारी १९६७ चा पहिला सुपर बोल लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये झाला. तिकीट विक्रीच्या जोरावर स्टेडियम भरेल असं वाटलं होतं. आले ६१,९४६ लोक. हजारो जागा रिकाम्या. आणि शहरातल्या लोकांना तो टीव्हीवरही दिसला नाही. तिकिटं न संपलेला हा एकमेव सुपर बोल.

१९७३ मध्ये नियम थोडा सैल झाला. सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं संपली तर स्थानिक टीव्हीवर दाखवायचं. आता मोठं स्टेडियम हे संघांना ओझं वाटायला लागलं. जॅक्सनव्हिलच्या संघाने २००५ मध्ये यावर जालीम उपाय केला. सुमारे दहा हजार खुर्च्यांवर चक्क ताडपत्री घातली आणि त्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं. खुर्च्या कमी, म्हणजे तिकिटं लवकर संपणार. हा टीव्हीबंदीचा नियम लीगने २०१५ पासून बाजूला ठेवला आहे.

पैसा नेमका कुठल्या खुर्चीत आहे?

डॅलसच्या संघाने १९७१ मध्ये टेक्सास स्टेडियम उघडलं. वर मधोमध भोक असलेलं छत होतं. देवाला आपल्या आवडत्या संघाचा खेळ बघता यावा म्हणून ते भोक आहे, असं डॅलसवाले गमतीने म्हणायचे. खरी नवलाई वेगळी होती. श्रीमंतांसाठी खासगी खोल्या, म्हणजे लक्झरी सूट, आणि सीझन तिकीट हवं तर आधी रोखे विकत घ्या ही अट. आधीच्या कॉटन बोलमध्ये येणारे कितीतरी साधे प्रेक्षक तिथेच गळाले.

पुढे नव्वदच्या दशकात शार्लटच्या संघाने तिकीट घ्यायचा हक्कच विकायला काढला. खुर्चीचा हक्क एकदा विकत घ्यायचा आणि मग दरवर्षी तिकिटाचे पैसे वेगळे. ही पद्धत लीगभर पसरली.

यामागचं गणित सोपं आहे. टीव्हीचे पैसे सगळ्या ३२ संघांत समान वाटले जातात. २०२१ मध्ये झालेले टीव्हीचे करार ११ वर्षांसाठी सुमारे ११० अब्ज डॉलरचे आहेत. साध्या तिकिटांच्या पैशातही पाहुण्या संघांचा वाटा असतो. पण लक्झरी सूटचं बहुतेक उत्पन्न यजमान संघाकडेच राहतं. म्हणजे वरच्या टोकाला आणखी दहा हजार साध्या खुर्च्या टाकण्यापेक्षा खाली शंभर सूट बांधणं जास्त फायद्याचं.

म्हणून डॅलसचं २००९ मधलं नवीन स्टेडियम ८० हजार खुर्च्यांचं आहे, पण उभं राहून बघणारे धरून पहिल्याच हंगामात १,०५,१२१ लोक आत आले. एनएफएलच्या हंगामातल्या सामन्याचा हा विक्रम आहे. याच स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०११ च्या सुपर बोलला आकडा आणखी वाढवायला तात्पुरत्या खुर्च्या टाकल्या, पण त्यातल्या सुमारे १,२५० वेळेत तयार झाल्या नाहीत. तिकीट असलेल्या सुमारे ४०० लोकांना जागाच मिळाली नाही. आणि एवढं करून सुपर बोलचा विक्रम मोडला नाही तो नाहीच. तो अजून रोझ बोलमधल्या १९८० च्या सामन्याच्या नावावर आहे, १,०३,९८५.

बिल कोण भरतं?

एनएफएल संघ वर्षाला घरच्या मैदानावर आठ-नऊ सामने खेळतो. बाकीचे दिवस एखादी मैफल, एखादा मेळावा. तरी शहरं स्टेडियमसाठी कर्ज काढतात, कारण नाही म्हटलं तर संघ दुसऱ्या शहरात जायची धमकी देतो. १९९५ ते २०१५ या काळात लॉस एंजेलिससारख्या महानगरात एनएफएलचा एकही संघ नव्हता. रिकामं लॉस एंजेलिस हीच बाकीच्या मालकांची धमकी होती.

सेंट लुइसने सार्वजनिक रोखे काढून घुमटाकार स्टेडियम बांधलं आणि १९९५ मध्ये लॉस एंजेलिसचा रॅम्स संघ आणला. करारात एक कलम होतं. हे स्टेडियम लीगमधल्या सर्वोत्तम स्टेडियममध्ये राहिलं पाहिजे, नाहीतर संघाला जायची मुभा. वीस वर्षांत ते मागे पडलं आणि २०१६ मध्ये संघ परत लॉस एंजेलिसला गेला. स्टेडियमचं कर्ज तेव्हाही फिटलेलं नव्हतं. नंतर खटला झाला आणि २०२१ मध्ये सेंट लुइसला ७९ कोटी डॉलर मिळाले, पण संघ गेला तो गेलाच. सान डिएगोच्या मतदारांनी २०१६ मध्ये स्टेडियमच्या करवाढीला नकार दिला, तर दोन महिन्यांत तिथला संघही लॉस एंजेलिसला निघून गेला.

स्टेडियमवर घातलेला सार्वजनिक पैसा शहराला परत मिळत नाही, यावर अर्थतज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. तरी बफेलोच्या नवीन स्टेडियमसाठी राज्य आणि काउंटीने मिळून ८५ कोटी डॉलर दिले. नॅशव्हिलला १२६ कोटी डॉलरची सार्वजनिक मदत ठरली.

उलट उदाहरणंही आहेत. न्यूयॉर्कचे दोन संघ मिळून वापरतात ते ८२,५०० क्षमतेचं मेटलाइफ स्टेडियम त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलं. २०२६ च्या फिफा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी तेच निवडलं गेलं. फक्त सॉकरचं मैदान जास्त रुंद लागतं म्हणून कोपऱ्यातल्या काही खुर्च्या काढाव्या लागल्या. लॉस एंजेलिसचं सोफाय स्टेडियमही मालकाच्या पैशाचं, खर्च पाच अब्ज डॉलरच्या वर. विमानतळ जवळ असल्याने उंची वाढवता येईना, म्हणून ते सुमारे १०० फूट खोल खणून बसवलंय.

आणि ग्रीन बे. विस्कॉन्सिनमधलं एक लाखाच्या आसपास वस्तीचं शहर. १९५७ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून काढलेल्या कर्जातून ३२,५०० क्षमतेचं स्टेडियम झालं. आज ते लॅम्बो फील्ड ८१,४४१ चं आहे. संघाचा मालक कुणी अब्जाधीश नाही, लाखो छोटे भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, शेअर विकून नफाही करता येत नाही. असा संघ पुन्हा होऊ नये म्हणून लीगने नियमच करून ठेवलाय. १९६० पासून इथली सीझन तिकिटं संपलेली आहेत. प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत आणि मूल जन्मलं की त्याचं नाव यादीत घालून ठेवणारे आईबापही आहेत.

आता आकडे खाली

बफेलोचं जुनं स्टेडियम ७१,६०८ चं होतं, नवीन आहे सुमारे ६२ हजारांचं. नॅशव्हिलमध्ये ६९ हजारांच्या जागी सुमारे ६० हजारांचं उभं राहतंय. शिकागोच्या सोल्जर फील्डवर १९२७ मध्ये डेम्प्सी आणि टनी यांची मुष्टियुद्धाची लढत बघायला लाखाहून जास्त लोक आले होते. २००३ मध्ये ते आतून नव्याने बांधलं, क्षमता ६१,५०० झाली आणि राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जाही गेला. विद्यापीठांतही नॉर्थवेस्टर्नने ४७ हजारांचं जुनं स्टेडियम पाडून ३५ हजारांचं बांधायला घेतलं.

घरी मोठ्या पडद्यावर, रिप्लेसकट सामना दिसत असताना सगळ्यात वरच्या रांगेतून मुंगीएवढे खेळाडू बघायला पैसे कोण देणार, असा हिशेब यामागे आहे. कमी खुर्च्या, रुंद खुर्च्या, महाग खुर्च्या.

पेन स्टेट मात्र वेगळ्या वाटेने चाललंय. त्यांचं बीव्हर स्टेडियम १९६० मध्ये सुटं करून गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं होतं. १९७८ मध्ये त्याचे स्टँड कापून जॅकने वर उचलले आणि खाली नव्या रांगा घातल्या. आता तिथे ७० कोटी डॉलरचं नूतनीकरण चालू आहे. सूट येणार, क्लबच्या खोल्या येणार. पण लाखाच्या खाली आकडा जाऊ द्यायचा नाही, असं विद्यापीठाने आधीच सांगून टाकलंय.